मिनिटाला किती वेळा

आधी साखरेचं पाणी. दोन थेंब, ओठांवर.
ओठच म्हणायचं, दुसरा शब्द नाही.
तोंड उघडतं, मिटतं, उघडतं,
दातेरी जीभ नसलेलं शेवाळ खरवडत राहते
आणि किनुए मोजते: मिनिटाला एकवीस.

मग झटका. अगदी बारीक.
तिने तो एकदा स्वतःच्या बोटाला लावून पाहिला होता,
कुणाला न सांगता.

सगळं अंग शंखात.
पोटातला पाय पोटात.

असं दहा वेळा. उद्या पुन्हा साखर,
आणि तोंड उघडेल दोनदा, किंवा नाहीच.
गोड आलं म्हणजे मागून काहीतरी येतंय
हे कळायला वीस हजार पेशी पुरतात.
शनिवारी चौघांचा भात लावताना
किनुए याहून जास्त दाणे धुते.

खिडकीखाली शिकोकूचं एक शेततळं, बदकांसकट.
या गोगलगायी त्यातल्या नव्हेत.
हॉलंडच्या कालव्यांतून कधीकाळी आलेल्यांच्या
पणत्या-खापरपणत्या, काचेतच जन्मलेल्या.
शंखांवर नेलपॉलिशचे ठिपके: लाल, निळे,
आणि संपत आलं म्हणून एक मोतिया,
किनुएने कुणाच्या तरी लग्नापुरतं आणलेलं.

एक दिवस उपाशी ठेवली तर ती उत्तम शिकते.
पाच दिवस ठेवली तर
शिकवलेलं सगळं पाण्यात:
साखरेवर अशी तुटून पडते
जणू झटका दुसऱ्याच कुणाला बसला होता.
मिओरीने, नव्या मुलीने, वहीत लिहिलं: विसरली.
किनुए म्हणाली, पेन्सिलने लिही.

तिचा बाप, तामेकिची, रताळं खात नसे.
वीट आला होता म्हणावं, तर वीट आलेला माणूस
तसं बोलून तरी दाखवतो.
हिवाळ्यात संध्याकाळी भाजक्या रताळ्यांची गाडी यायची,
कर्ण्यातून तीच लांबवलेली हाक,
आणि तो रस्ता ओलांडून पलीकडून चालायचा,
पोरीचा हात जरा जास्तच घट्ट धरून.
युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात अकरा वर्षांचा होता.
काय झालं ते त्याने सांगितलं नाही.
एकदाच म्हणाला, तेव्हाची रताळी फार गोड होती.

गेल्या माघात वृद्धाश्रमात त्याला ताप आला.
आठ दिवस पोटात काही नाही. नवव्या दिवशी
एका परिचारिकेने, तिला कुठे माहीत,
रताळ्याची पेज भरवली. त्याने वाटी संपवली.
चमच्यामागे मान पुढे केली.
फोनवर ती किती आनंदाने सांगत होती.
किनुएने आभार मानले,
आणि फोन ठेवल्यावर उगाच
ओटा दोनदा पुसला.
सुटला म्हणायचं. ब्याण्णवाव्या वर्षी का होईना.
मग हे काय रुतलंय?

पाच दिवसांच्या उपाशी गोगलगायींना
मिओरीने आठवडाभर कोबी घातला. पोटभर.
मग एक दिवस रिकामा, आणि साखर.
मोतिया ठिपका काचेला चिकटून.
तीस सेकंद. चाळीस.
ओठ मिटलेले.
मिओरीने खोडरबर शोधलं.

रविवारी गाडी वृद्धाश्रमाच्या फाटकाशीच उभी होती.
किनुएने एक घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
हात पोळवणारं. बाप आता बरा होता,
बाकावर बसून नर्सांच्या चुका काढत होता.
तिने साल सोललं. वाफ त्याच्याकडे गेली.

तिने मोजलं नाही, असं ती म्हणेल.

त्याने तोंड वळवलं नाही, रागावलाही नाही.
नुसता आत गेला, होता तिथेच बसून,
आणि बऱ्याच वेळाने म्हणाला,
गार होईल. तू खा.

एक्कावन्न वर्षांची किनुए.
त्यांच्या घरी रताळं कधी शिजलं नव्हतं,
आणि बाहेर, का कोण जाणे, तिला कधी आवडलं नव्हतं.
हातात पिवळाधमक गर,
कडेला साखर जळून काळी झालेली.
समोर बाप, तिच्या तोंडाकडे बघत.